दार आत उघडतं

९ फेब्रुवारी

चि. टोप्यास,

काकूचा आशीर्वाद आहेच, पण तो मी तूर्तास बाजूला काढून ठेवलाय. पत्र वाचून झालं की घे, उरला तर.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला नीट भांडता येत नाही. मी जरा रंगात आले की तू "काकू, आवाज तुटतोय" म्हणतोस. कागदावर आवाज तुटत नाही.

तुझा सिनेमा पाहिला. दुपारी तीनचा खेळ. शेजारची शिंपीण, तिची सासू, औषधाच्या दुकानातली बाई आणि मी, अशा चौघी एका रांगेत. त्यांना मीच ओढून नेलं. पुतण्याने सिनेमा काढलाय, तोही आपल्या खिंडीतल्या सराईवर, म्हणून आठ दिवस मी गल्लीभर मिरवत होते. लोकर घ्यायला आलेल्या प्रत्येकीला सांगत होते, जा, बघा, आमचा टोप्या आहे तो.

आधी चांगलं सांगते. म्हणजे तुला वाटेल म्हातारी खूष आहे.

तो तुझा निवृत्त पोस्टमास्तर झकास. बाहेरच्या थंडीतून आत आला की त्याच्या चष्म्यावर वाफ धरते, आणि ती जाईपर्यंत त्याला कुणाचंच तोंड दिसत नाही. तेवढ्या वेळात सातही उतारू आपापली तोंडं सरळ करून घेतात. मी एकटीच मोठ्याने हसले. छपरावरून बर्फाचा थर घसरतो तो आवाजही अगदी खरा. शिंपिणीने माझा हात धरला, अजून वळ आहे.

आणि ते दार ठोकणं. सराईचा मालक वादळातून दारापर्यंत येतो, उजव्या हाताचा मोजा काढतो आणि नुसत्या मुठीने ठोकतो. आधी तीन, मग दोन. अरे, जाड लोकरीच्या मोज्याने ठोकलं तर आत ऐकू जात नाही, हे सपाटीवर वाढलेल्या पोराला कसं सुचलं? तीन आणि दोन ही तुझ्या काकांची सवय घरात सगळ्यांना माहीत आहे, पण मोजा काढणं? तिथे माझ्या अंगावर काटा आला. सिनेमातलं तेवढंच खरं वाटलं.

आता बाकीचं ऐक.

तीन दिवस माणसं बर्फात अडकली आहेत आणि एकाचंही नाक वाहत नाही. बोलताना तोंडातून वाफ नाही. बाया केस मोकळे सोडून हिंडतात. शेगडीजवळचा लाकडांचा ढीग पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच तिसऱ्या दिवशी. आणि त्या मालकाचं प्रेत? प्रेत शेगडीच्या खोलीत ठेवलंय. बर्फाच्या मुलखात प्रेताला जागेची काय कमी, ते उबेला कशाला निजवायचं?

सगळ्यात मोठं खूळ म्हणजे दार. तुझं दार बाहेर उघडतं. पोस्टमास्तर तीन दिवस डोकं खाजवतो की बाहेर साचलेल्या बर्फाने दार अडलं होतं की नव्हतं. अरे शहाण्या, बर्फाच्या मुलखात कुणी बाहेर उघडणारं दार बसवतं का? एका दिवसात आतले लोक कोंडले जातील. आपलं दार आत उघडायचं. बाहेर गळ्याइतका बर्फ असला तरी कडी काढून ओढलं की उघडलं. वादळात वारा दार ढकलतो म्हणून आतून आडवी कडी घालायची, आणि कुणी बाहेर गेलेलं असेल तर एकाने दाराशी बसायचं, ठोकल्याचा आवाज आला की कडी उचलायला. हा तिथला नेम होता. तुझ्या पोस्टमास्तराला नुसती दाराची बिजागरी बघता आली असती तर सिनेमा मध्यंतराच्या आत संपला असता आणि माझं तिकीट वाया गेलं नसतं.

इथवर तुला वाटेल काकू थट्टा करतेय. आता थट्टा संपली.

शेवटी खुनी कोण, तर मालकाची बायको. आत बसून ऐकत राहिली आणि कडी काढली नाही. ती लोकर विणते. ती हसली की पुढचे दोन दात दिसतात. मग पडदा पांढरा होतो आणि त्यावर अक्षरं येतात: सत्य घटनेवर आधारित. आणि त्याखाली: माझ्या काकूस, जिने मला बर्फ सांगितला.

दिवे लागले तेव्हा आमच्या रांगेतली तिन्ही डोकी माझ्याकडे वळली होती. मागच्या रांगेतलीसुद्धा.

तुझे काका गेले त्याला एकोणतीस वर्षं झाली. भर दुपारचं वादळ. ते झऱ्याचं पाणी गोठलं का बघायला गेलेले. मी गोठ्यात, खेचराचं पोट फुगलं होतं म्हणून. तुझे बाबा आत दाराशी बसलेले, त्यांना शेगडीच्या उबेने डोळा लागला. काका वाट चुकले आणि लाकडाच्या ढिगापाशी सापडले, गोठ्यापासून पंधरा पावलांवर. ते दारापर्यंत पोचलेच नाहीत. दार ठोकलंच नाही. ठोकलं असतं तर तुझे बाबा उठले असते. एवढी साधी गोष्ट. तिच्यात तू खून घातलास आणि खुनी म्हणून मला बसवलंस.

सिनेमा येऊन आज सातवा दिवस. चौथ्या दिवसापासून कुणीतरी येताजाता माझ्या दुकानाचं दार ठोकतं. आधी तीन, मग दोन. मी उघडते तर कुणी नसतं. गल्लीच्या टोकाला हसू ऐकू येतं.

आता सांग, हा धंदा तुला कुणी शिकवला?

काकू


१७ फेब्रुवारी

ती. काकूस,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा वाईट वाटलं.

दार ठोकणारे मूर्ख आहेत. त्यांच्याबद्दल मी माफी मागतो. पण काकू, सिनेमा हा सिनेमा असतो. "सत्य घटनेवर आधारित" ही ओळ कंपनीने टाकली, तिने तिकिटं जास्त विकली जातात. अर्पण मात्र माझं होतं आणि मनापासून होतं. लहानपणापासून दर हिवाळ्यात तुझी विणलेली टोपी यायची आणि टोपीत घडी घालून बर्फाच्या गोष्टींचं पत्र. त्या पत्रांवरच मी वाढलो. मला वाटलं तू खूष होशील.

नाक वाहण्याचं मान्य. प्रेताचंही मान्य, तिथे आमच्याकडे दुसरी खोलीच नव्हती. बर्फ म्हणजे मीठ आणि साबणाचा फेस होता, वाफ कुठून येणार.

पण दाराचं तू मला सांगू नकोस, कारण ते माझ्या डोक्यातलं नाहीच. बाबांनी मला सराईचा नकाशा स्वतःच्या हाताने काढून दिला. दार बाहेर उघडणारं, त्यापुढे बर्फ साचलेला. ठोकण्याचंही त्यांनीच सांगितलं. काकांनी मोजा काढला, तीन आणि दोन, तीन आणि दोन, मग नुसते दोन, आणि मग दारावरून हात घासत खाली गेल्याचा आवाज. मी ते जसंच्या तसं घेतलं. तुला तेवढंच खरं वाटलं, कारण ते खरंच आहे.

आणि रागावू नकोस, पण तुझ्या आठवणीत एक अदलाबदल झालीय. एकोणतीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत, तुझ्या वयात असं होतं. बाबा गोठ्यात होते. आत तू होतीस. बाबा नेहमी सांगतात, वहिनीची काही चूक नव्हती, तिने ढकलून ढकलून पाहिलं, पण बर्फाने दार अडलं होतं. तुझ्यावर त्यांनी कधी एका शब्दाने ठपका ठेवला नाही. माझ्या मनात फक्त एवढंच आलं की समजा दार अडलेलं नसतंच तर? तेवढ्या एका "समजा"मधून सिनेमा झाला. त्यात तू नाहीस, काकू. ती एक पात्र आहे.

पुढच्या महिन्याच्या शेवटी सिनेमा फोनवर येणार. मग तर घराघरात दिसेल. शेवटची ओळ काढता येते का विचारून बघतो.

तुझा
टोप्या


२४ फेब्रुवारी

टोप्या,

माझी आठवण ठणठणीत आहे. त्या दुपारी खेचराच्या पोटाला मी गरम राखेचं पोटीस बांधलं होतं आणि त्याने मला डाव्या मांडीवर लाथ मारली होती. खूण अजून आहे. आत बसलेल्या बाईला खेचर लाथ मारत नाही.

तो नकाशा मला पाठव. बाबांनी काढलेला तोच, त्याची नक्कल नको. आणि तुझ्या बाबांना काही बोलू नकोस.

काकू


२ मार्च

काकू,

नकाशा सोबत आहे.

तू बोलू नकोस म्हणालीस, पण तोंडून निघून गेलं. जेवायला बसलो होतो. मी सहज म्हटलं, काकू म्हणते सराईचं दार आत उघडायचं. बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, असेल, मला नीट आठवत नाही. ताट तसंच टाकून उठले. तेव्हापासून माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. आई विचारतेय, तुमचं भांडण झालंय का.

काकू, काय चाललंय? मला भीती वाटतेय आणि कशाची ते कळत नाही.

टोप्या


८ मार्च

भाऊजी,

तुमच्या हातचा नकाशा माझ्यापुढे आहे. छान काढलाय. शेगडी बरोबर, गोठा बरोबर, दारापासून गोठ्यापर्यंत बांधलेला दोर बरोबर, लाकडाचा ढीग बरोबर. चुकलंय फक्त दार. ज्या दाराची कडी तुम्ही अकरा हिवाळे उचललीत, ते कुठे उघडतं एवढंच तुम्ही विसरलात.

तुमच्या मुलाने सिनेमात एक पोस्टमास्तर ठेवलाय. शेवटी तो सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि कोण कुठे होतं ते बोलत बसतो. मला तो भाग लांबट वाटला होता. आज मला त्याची हौस आलीय. बसा.

तुम्ही मला एकोणतीस वर्षं सांगत आलात की तुमचा डोळा लागला होता आणि तुम्ही काही ऐकलं नाही. मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, तुमची समजूत घातली. तुम्ही रडत होतात तेव्हा तुमच्या डोक्यावरून हात फिरवत मी म्हणाले होते, भाऊजी, झोपेला कोण काय करणार. आठवतं? नवरा माझा गेला होता आणि डोकं मी तुमचं थोपटत होते.

मुलाला तुम्ही सांगितलंत, तीन आणि दोन, मग नुसते दोन, मग हात घासत गेला. झोपलेल्या माणसाला एवढी मोजदाद येते का? गोठ्यातल्या माणसाला तर वादळात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मला माहीत आहे, मी होते तिथे.

मोजा. त्यांच्या उजव्या हातात मोजा नव्हता हे आपण दोघांनीही पाहिलं. बर्फ वितळल्यावर तो मला उंबऱ्यासमोर सापडला. मी समजले, वाऱ्याने आला असेल. तुम्ही तेव्हा सपाटीवर निघून गेला होतात आणि तुम्हाला मी हे कधीच कळवलं नाही, उगाच जुनी जखम कशाला उकरा. मग मोजा दारापाशी काढला हे तुम्ही मुलाला कसं सांगितलंत? ते ज्याने दार उघडून उंबऱ्यावर मोजा पडलेला पाहिला, त्यालाच माहीत असणार.

ते दारापर्यंत आले होते, भाऊजी. मी एकोणतीस वर्षं स्वतःला सांगत आले की ते वाट चुकले. ते वाट चुकले नव्हते. दोराला धरून दाराशी आले, तुम्ही उघडलं नाहीत, म्हणून पुन्हा दोर धरून माझ्याकडे यायला निघाले. पंधरा पावलं राहिली होती. मी खेचराला चुचकारत बसले होते.

आणि एवढ्यावर तुमचं भागलं नाही. मुलापुढे तुम्ही स्वतः उठून गोठ्यात गेलात आणि तुमच्या जागेवर मला बसवलंत. वर "वहिनीची काही चूक नव्हती" म्हणून मोठेपणाही घेतलात. दार उलट्या बाजूला फिरवलंत. त्या बिचाऱ्या पोराने तुमच्या फसव्या दारावर विश्वास ठेवला, डोकं चालवलं, आणि खून बरोबर शोधून काढला. खुनी तेवढा चुकला, कारण पात्रांची यादी तुम्ही दिली होतीत.

इथे माझ्या दारावर रोज तीन आणि दोन वाजतात. औषधाच्या दुकानातली बाई आता माझ्याकडचा चहा "नको हो, आत्ताच झाला" म्हणते. लोकरीचं गिऱ्हाईक दारातून बोलून जातं. मी ह्या गल्लीत एकवीस वर्षं सगळ्यांची चेष्टा करत आलेय आणि कुणी कधी मनाला लावून घेतलं नाही. आता मी हसले की लोक माझे दात बघतात.

झोप लागली होती हे पुन्हा लिहू नका. का उघडलं नाहीत ते लिहा.

तुमची वहिनी


२३ मार्च

वहिनी,

चार कागद फाडले. हा पाचवा.

त्या दिवशी सकाळी मला सपाटीवरच्या गिरणीतून नोकरीचं पत्र आलं होतं, वादळाआधीच्या टपालाने. मी दादाला दाखवलं. त्याने वाचलं आणि शेगडीत टाकलं. म्हणाला, हिवाळाभर सराई काय तुझा बाप सांभाळणार? उतारूंसमोर म्हणाला. ते हसले. तुम्हाला हे माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही, गेलेल्या माणसाबद्दल काय सांगायचं.

दुपारी उतारू वरच्या खोलीत निजले होते. मी दाराशी बसलो होतो. त्याने ठोकलं. तीन आणि दोन. मला वाटलं, थांब जरा. आयुष्यभर तू ठोकायचं आणि मी उठायचं. एकदा उभा राहा बाहेर. पुन्हा ठोकलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी उघडलं असतं असं मी स्वतःला सांगतो. मग नुसते दोन वाजले. मग तो हात.

मी शंभर आकडे मोजले. रागाने मोजले. मग कडी काढली. कुणी नव्हतं. मोजा पडला होता. मला वाटलं, चिडून तुमच्याकडे गोठ्यात गेला, आता दोघं मिळून येतील आणि मला झोडतील. मी दार लावलं आणि झोपेचं सोंग घेतलं. तुम्ही एकट्या आलात.

मला त्याला मारायचं नव्हतं. फक्त वाट बघायला लावायची होती.

मुलाने गोष्ट विचारायला सुरुवात केली तेव्हा मी खरंच सांगायला बसलो होतो. आवाजापर्यंत सगळं खरं सांगितलं, ते माझ्या कानातून कधी गेलंच नाही. मग त्याने विचारलं, "आत कोण होतं?" आणि माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. एकदा गेल्यावर दारही फिरवावं लागलं, नाहीतर तुमच्यावर आळ आला असता. मी तुम्हाला वाचवायला दार फिरवलं, असं त्या वेळी मला वाटलं.

तो असा सिनेमा करेल हे माहीत नव्हतं. पहिल्या खेळाला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पोस्टमास्तर बोलायला लागला आणि मला वाटलं, आता माझं नाव घेणार. नाही घेतलं. वहिनी, खरं सांगतो, मला हायसं वाटलं. एवढं वाईट दुसरं काही मी केलं नसेल, ते दारसुद्धा नाही.

माफी मागायची तोंडात ताकद नाही. तुम्ही सांगाल ते करेन.

भाऊजी


२७ मार्च

काकू,

बाबांनी तुला लिहिलेलं पत्र मला टाकायला दिलं, पाकीट उघडं होतं. मुद्दामच दिलं असणार.

मी त्यांच्याशी बोलत नाही. तू म्हणशील तसं करतो. सिनेमा फोनवर यायला दहा दिवस थांबवलाय. खुनी बदलतो, भाऊ करतो. शेवटी बाबांचं पत्र पडद्यावर लावायचं असेल तर तेही लावतो, त्यांच्या अक्षरात. मला इतका राग आलाय की मी ते खरंच करेन.

तू मला ओरडली नाहीस अजून. ओरड.

टोप्या


२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मुलाचंही मिळालं. तो तुमचं पत्र पडद्यावर लावायला निघालाय. मी त्याला कळवलंय की मूर्खपणा करू नकोस. सत्य घटना ही ओळ काढ, अर्पण राहू दे, आणि दार आत उघडणारं कर. पुन्हा चित्रण करायला लागलं तरी कर. मग तुझा पोस्टमास्तर मध्यंतराआधीच खुनी पकडेल, तर पकडू दे. खुनी कुणाला करायचं ते तुझं तू बघ, फक्त विणणारी बाई नको. हेही लिहिलंय की बाबांशी बोल. तुमच्यावर दया येऊन नाही. घरातलं एक माणूस बोललं नाही म्हणजे काय होतं, ते आपल्या घराने एकदा बघितलंय.

नोकरीच्या पत्राचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी दोन दिवस तुमच्या दादावरही चिडले होते. भिंतीवरच्या फोटोला मी चांगलं फैलावर घेतलं. कागद जाळणारा माणूस म्हणून त्यांचा राग आला. पण तो राग दोन दिवसांत संपला, तुमचा संपत नाही. तुमच्या शंभर आकड्यांवरच माझं मन जाऊन बसतं. रात्रंदिवस नाही, मी कामाची बाई आहे, पण टाके मोजताना होतं. शंभरावर आले की सुई थांबते. तुमचं पत्र आल्यापासून तीन मोजे उसवले.

त्यांना फक्त वाट बघायला लावायची होती, असं तुम्ही लिहिलंत. ते मात्र मला पटलं. माणूस असं करतं. मीही त्यांना कधी कधी थांबवलं आहे, दाराबाहेर नाही, पण जेवणाला, बोलण्याला. म्हणून तुम्ही दार उघडलं नाहीत हे मी कदाचित एक दिवस गिळेन. कदाचित म्हणाले, खात्री धरू नका. पण माझ्या जागेवर तुम्ही गोठ्यात जाऊन बसलात, माझी लाथ, माझं खेचर, माझी ती पंधरा पावलं, सगळं स्वतःच्या नावावर केलंत, ते गिळायला माझ्याकडे घसा नाही.

तुम्ही सांगाल ते करेन म्हणालात. तर ऐका.

येत्या रविवारी या. दुपारी तीनला. त्या वेळी शिंपीण, तिची सासू, औषधाच्या दुकानातली बाई, सगळ्या माझ्या दुकानासमोर ऊन खात बसतात. आधी त्यांच्यासमोर उभे राहा आणि आत कोण होतं ते सांगा. एकदाच सांगा, पण मागच्या बाकावरच्या सासूला ऐकू जाईल असं सांगा, तिला उजव्या कानाने कमी येतं. मग दारापाशी या. मी आत असेन, कडी घातलेली असेल. ठोका. त्या दारावर दोन महिने टवाळ लोक ठोकताहेत, एकदा ज्याने ऐकलं होतं त्याने ठोकू दे.

मोज्याने ठोकू नका, आवाज येत नाही. ह्या पाकिटात एक मोजा आहे, उजव्या हाताचा, करड्या लोकरीचा, जुना. ओळखाल. तो घालून या आणि दाराशी काढा.

इथे बर्फ पडत नाही, पण गल्लीत वारा असतो. स्वेटर घालून या. मी किती आकडे मोजीन, ते मलाच अजून माहीत नाही.

वहिनी